समोरचा वारा

लांबच्या गांवांहून सायकलीवर शाळेंत येणाऱ्या विद्यार्थ्यांची एक तक्रार आम्ही नेहमीं ऐकतों. ती अशी कीं, शाळेंत येतांना वारा समोरून असतो आणि घरीं जातांनाही तो समोरूनच असतो! ऐकणारे हंसतात, परंतु ह्या तक्रारींत थट्टेपेक्षां सत्याचा अंश अधिक आहे. वाऱ्याचा जमाखर्च वाण्याच्या वहीसारखा बरोबर मिळत नाहीं. तो जातांना जितकें घेतो तितकें येतांना परत देत नाहीं. हें कसें घडतें, आणि म्हणून थंडीवाऱ्याच्या दिवसांत दूरचा पल्ला गांठूं इच्छिणाऱ्यानें कोणती दक्षता घ्यावी, हें ह्या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

वाऱ्याची ही विद्या शिकावयाची तर ती नेदरलँड्स देशांत. ह्यासच आपल्याकडे पुष्कळजण हॉलंड म्हणतात. हा देश तळहातासारखा सपाट असून त्याची सुमारें चतुर्थांश भूमि समुद्रसपाटीच्या खालीं आहे. वारा अडविण्यास तेथें डोंगर नाहींत. हिंवाळ्यांत अटलांटिक महासागरावर उठलेलीं वादळें बहुधा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून ह्या मैदानावर येतात. अशा देशांत लोकांनीं सायकल टाकून दिली असेल असें वाटेल. पण तेथें लोकसंख्या सुमारें १ कोटी ८० लक्ष, तर सायकली २ कोटींहूनही अधिक आहेत. मुलें हिंवाळ्याच्या अंधाऱ्या सकाळीं टोप्या, हातमोजे घालून सायकलीवरच शाळेंत जातात.

त्या देशाच्या नैर्ऋत्येस झीलंड नांवाचा प्रांत आहे. १९५३ सालीं ३१ जानेवारीच्या रात्रीं व १ फेब्रुवारीच्या पहाटे प्रचंड वादळानें समुद्राचें पाणी बांध फोडून आंत आलें आणि त्या देशांत १,८३६ माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुन्हां असा अनर्थ होऊं नये म्हणून तेथील एका खाडीच्या मुखावर सुमारें ९ कि.मी. लांबीचा अडसर बांधण्यांत आला. त्यास ६२ पोलादी दारें आहेत. एरवीं तीं उघडीं असतात व वादळ आलें कीं लोटतात. १९८६ सालीं तो पुरा झाला. ह्याच अडसरावरून जाणाऱ्या रस्त्यावर २०१३ पासून एक विलक्षण शर्यत होत आली आहे. तिचें नांवच मुळीं समोरच्या वाऱ्याची शर्यत! मोठ्या वाऱ्याचा अंदाज आला कीं थोडे दिवस आधीं ती जाहीर करतात. शर्यतींतील सायकली सर्वांस सारख्या, ताठ बसून चालवावयाच्या, साध्या घरगुती. त्यांस गिअर नाहींत, आणि ब्रेक उलटें पॅडल मारून लावावयाचा.

अंतर किती म्हणाल, तर केवळ ८.५ कि.मी. तितकें अंतर तर आमचीं कित्येक मुलें रोज तोडतात. मग त्या शर्यतींत धट्टेकट्टे तरुणही धापा कां टाकतात? ह्याचें उत्तर गणिताच्या तासाला मिळतें.

हवा शांत असली तरी सायकलस्वारास ती बाजूस सारूनच पुढें जावें लागतें. अंगावर येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला तर तिचा विरोध दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर विरोध नऊपट. म्हणजे हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. समजा, एक विद्यार्थी शांत हवेंत ताशीं २० कि.मी. वेगानें चालला आहे. त्याच्या अंगावर येणारी हवाही ताशीं २० कि.मी. वेगाची. ह्या वेळच्या विरोधास आपण एक भाग म्हणूं. आतां समोरून ताशीं २० कि.मी.चा वारा सुटला. बेरीज ४० झाली. विरोध चार भाग झाला. तोच वारा पाठीकडून असता तर वजाबाकी शून्य आली असती व विरोधही शून्य झाला असता. आतां जमाखर्च पाहा. समोरच्या वाऱ्यानें तीन भागांचा बोजा वाढविला. पाठच्या वाऱ्यानें एकच भाग हलका केला.

आडवा वाराही निरुपद्रवी नाहीं. त्याच वेगाचा वारा काटकोनांतून आला, तर पायथागोरसच्या सिद्धान्तानें हिशेब करून पाहावा. पुढें जाण्यास होणारा विरोध सुमारें ४० टक्क्यांनीं वाढलेला दिसेल. म्हणजे वारा समोरून असो वा कुशीवरून असो, तो अडवितोच. विद्यार्थ्यांची तक्रार खरी ठरते ती अशी!

झीलंडच्या शर्यतीकडे पुन्हां वळूं. बोफर्ट नांवाच्या ब्रिटिश नौदलांतील अधिकाऱ्यानें १८०५ सालीं वाऱ्याच्या जोराच्या पायऱ्या ठरविल्या. त्यांतील सातव्या पायरीचा वारा ताशीं ५० ते ६१ कि.मी. असतो; त्यांत सबंध झाडें हालतात व समोर चालणेंही कष्टाचें होतें. ही शर्यत अशा किंवा याहून मोठ्या वाऱ्यांत होते. ५० कि.मी.च्या वाऱ्यासमोर कोणी ताशीं १५ कि.मी. वेगानें जाऊं म्हणेल, तर त्याच वेगानें शांत हवेंत जाणाऱ्याच्या मानानें हवेचा विरोध सुमारें १९ पट होतो. त्यांत थंडीची भर पडते. थंड हवा उष्ण हवेपेक्षां घन असते. शून्य अंशावरील हवा ३० अंशांवरील हवेहून सुमारें एक दशांशानें जड भरते. हिंवाळ्यांतील वारा अधिक ढकलतो असें वाटतें, ती निव्वळ कल्पना नव्हे.

आतां वेळेचा हिशेब. लांब पल्ल्याच्या सायकलसहली आतां महाराष्ट्रांतही होतात. त्यांपैकीं एका प्रकारांत २०० कि.मी. अंतर साडेतेरा तासांत पुरें करावयाचें असतें. शांत हवेंत ताशीं २० कि.मी. जाणाऱ्यास त्याला १० तास पुरतात. समजा, १०० कि.मी. जाऊन त्याच वाटेनें परत यावयाचें आहे. समोरच्या वाऱ्यानें वेग १० नें घटतो व पाठच्या वाऱ्यानें १० नें वाढतो. प्रत्यक्षांत वारा इतकाही उदार नसतो, परंतु हिशेबापुरतें तें मान्य करूं. जातांना ताशीं ३० प्रमाणें ३ तास २० मिनिटें, येतांना ताशीं १० प्रमाणें १० तास. एकूण १३ तास २० मिनिटें. सरासरी वेग २० असेल असें ज्यानें मानलें, त्याच्या हातांत शेवटीं अवघीं १० मिनिटें उरतात! वाटेंत चहा घेण्यासही तीं पुरावयाचीं नाहींत.

म्हणून अनुभवी सायकलस्वारांचा पहिला नियम असा कीं, निघतांना वारा तोंडावर घ्यावा व परततांना पाठीवर. एकूण वेळ दोन्ही रीतींनीं तितकाच लागतो हें खरें. पण जो वाऱ्याबरोबर निघतो, त्यास आपल्या शक्तीविषयीं भ्रम होतो. आज आपण फारच चांगले चाललों असें त्यास वाटतें. मागें वळतांच त्यास कळतें कीं आपण घरापासून १०० कि.मी. दूर आहों, पाय थकले आहेत आणि दिवस कलतो आहे. जो वाऱ्याविरुद्ध निघतो, तो कोठेंही थकला तरी वळल्याबरोबर वारा त्यास घराकडे आणतो.

थंडीच्या दिवसांत हा नियम केवळ सोयीचा नाहीं, जिवाच्या रक्षणाचा आहे. आपलें शरीर त्वचेलगतच्या हवेचा पातळ थर ऊबदार करून ठेवतें. वारा तो थर क्षणोक्षणीं हिरावून नेतो. अमेरिका व कॅनडा ह्या देशांत २००१ पासून वापरांत आलेल्या सूत्राप्रमाणें, हवा ५ अंशांवर असतां ताशीं ३० कि.मी.चा वारा वाहूं लागला तर उघड्या त्वचेस शून्य अंशाइतकी थंडी भासते. जो घामानें भिजून मग वाऱ्यासमोर वळतो, त्याची ऊब याहूनही झपाट्यानें जाते. शरीर आंतून गार होऊं लागलें कीं प्रथम कांपरें भरतें, बोटें ब्रेक नीट दाबीत नाहींत, शर्टाची गुंडी लागत नाहीं. मग बोलणें अडखळतें. सर्वांत भयंकर गोष्ट ही कीं, पुढें पुढें विचारशक्तीच मंदावते आणि मनुष्य 'मला कांहीं झालें नाहीं' असें म्हणूं लागतो. अशा वेळीं त्याच्या शब्दावर विसंबूं नये. सोबत्यांनीं त्यास थांबवून आडोशास न्यावें, ओले कपडे बदलावे, ऊबदार पांघरूण व गोड ऊन पेय द्यावें व वैद्यकीय मदत बोलवावी.

ह्यावरून सोबतीचें महत्त्व ध्यानांत येईल. वाऱ्यांत सोबत दुहेरी उपयोगी पडते. पुढच्या स्वाराच्या आडोशास राहणाऱ्याचे श्रम पाव ते तृतीयांश कमी होतात. वारा कुशीवरून असला तर आडोसा थेट मागें नसून तिरकस मागें असतो. म्हणून स्वार रस्त्यावर तिरकी रांग धरतात आणि पाळीपाळीनें पुढें येऊन वारा अंगावर घेतात. डच लोक ह्या रांगेस पंखा म्हणतात. अर्थात ही रचना वाहतूक बंद असलेल्या शर्यतीच्या रस्त्यावरच शोभते. आपल्या रस्त्यांवर एकामागें एक जाणेंच योग्य.

२९ मार्च १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २९ मार्च २०१५ रोजीं बेल्जममधील गेंट-वेव्हेल्गेम शर्यतींत वाऱ्यानें पट्टीच्या स्वारांची काय गत केली हें जगानें पाहिलें. सुमारें २०० स्वार निघाले. ३९ जणच शेवटास पोहोंचले. गेरेंट टॉमस ह्या वेल्श स्वारास वाऱ्यानें रस्त्यावरून उचलून कडेच्या खळग्यांत फेकलें. तो उठला, पुन्हां सायकलीवर बसला आणि तिसरा आला. त्याचें धैर्य वाखाणण्याजोगें आहे. पण त्याच्या मागें डॉक्टर व मदतीच्या मोटारी होत्या, हें विसरूं नये. जे बाकीचे दीडशेंहून अधिक स्वार थांबले, तेही जगांतील निवडक वीरच होते. त्यांस कोणी भित्रे म्हटलें नाहीं.

विद्यार्थ्यांस थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. एकच जाड कपडा घालण्यापेक्षां पातळ कपडे एकावर एक घालावे, आणि सर्वांत वरचा वारा न शिरणारा असावा. जुने शर्यतपटू घाट उतरण्यापूर्वीं सदऱ्याखालीं छातीवर वर्तमानपत्र घालीत; तो उपाय आजही उपयोगी आहे. हातमोजे विसरूं नयेत. थंडींत तहान लागल्याचें कळत नाहीं, म्हणून आठवणीनें पाणी प्यावें; भूक लागण्यापूर्वींच गूळ-शेंगदाणे, केळें किंवा पोळी खावी. समोरच्या वाऱ्यांत अंतर मोजूं नये, पॅडल हलकें ठेवून तास मोजावे. पूल ओलांडतांना, उसाचें शेत किंवा भिंत संपतांना आणि मोठी मालमोटार जवळून जातांना वारा एकदम बदलतो. त्या ठिकाणीं हँडल दोन्ही हातांनीं धरावें. दिवा बरोबर असावाच.

शेवटीं पालकांस एक विनंती. आपला मुलगा किंवा मुलगी सायकलीवर दूर जाण्यास निघाली आणि वारा पाहून अर्ध्या वाटेंतून परतली, तर तिला हिणवूं नये. हिणविलेलें मूल पुढल्या वेळीं परत फिरण्यास लाजेल; आणि वाऱ्यापेक्षां ती लाजच अधिक घातक होईल. उलट, कोठें वळलीस, कां वळलीस, असें प्रेमानें विचारावें. आणि शाळा सुटल्यावर कोणी धापा टाकीत घरीं येऊन 'दोन्ही वेळां वारा समोरूनच होता' असें म्हणालें, तर हंसण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसावें.