फरशी घालण्याआधी या रोपांना एक संधी द्या

दारापुढची चार-पाच फूट रिकामी जागा. हौसेने लावलेली हिरवळ मे महिन्यात करपते, पावसाळ्यात तिथे चिखल होतो आणि दिवाळीपर्यंत घरात ठरतं, "पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे होऊ." इंदूर असो की वडोदरा, हैदराबाद असो की बेळगाव, ही घरोघरची गोष्ट आहे. पण एकदा फरशी घातली की पावसाचं पाणी मुरायचं सोडून गटारात जातं आणि उन्हाळ्यात अंगण तव्यासारखं तापतं. त्याआधी जमिनीलगत पसरणारी मांसल पानांची रोपं लावून बघा. ती पानांत आणि खोडात पाणी साठवून ठेवतात, म्हणून चार दिवस गावाला गेलात तरी तग धरतात.

भर उन्हाची जागा
इथे 'ऑफिस टाइम' लावा. कोणी याला चिनी गुलाब म्हणतं. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं हे रोप ऊन चढलं की फुलतं आणि दुपारनंतर मिटतं. ढगाळ दिवशी किंवा सावलीत मात्र फुलं उघडत नाहीत.

माती वाहून जाणारा उतार
बेबी सन रोज ही दक्षिण आफ्रिकेतली वेल. पानं बदामाच्या आकाराची, फुलं बारीक लाल. तिच्या फांद्या जमिनीला टेकतात तिथे मुळं धरतात आणि माती जागेवर राहते. ती भराभर पसरते, म्हणून कडेने छाटत राहा.

अर्धवट सावली
भिंतीकडेला पान ओवा छान पसरतो. सुवासिक पानांची भजी होतात, हा वरचा फायदा.

तण म्हणून उपटताय?
आपोआप उगवलेली घोळ आजीला दाखवा, ती भाजी करेल. फक्त खुडताना देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, खाऊ नका. घोळीत ऑक्झॅलेट भरपूर असतं, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळलेली बरी.

लावायचं कसं?
आधी तण मुळासकट काढा. माळव्यातली काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात मुळं कुजतात. तिथे मातीत वाळू किंवा बारीक मुरूम मिसळून वाफा चार बोटं उंच करा. शेजाऱ्यांकडून तीन-चार इंचांच्या फांद्या आणा आणि वीतभर अंतरावर खोचा. फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाचा जोर ओसरल्यानंतरचा काळ चांगला. पहिले दोन-तीन आठवडे माती ओलसर ठेवा. पुढे वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. ही रोपं तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात. गोवा-बेळगावच्या धुवांधार पावसात ऑफिस टाइमच्या काही फांद्या कुंडीत लावून वळचणीखाली ठेवा, म्हणजे बियाणं हाताशी राहतं.

ही रोपं पायदळी टिकत नाहीत. येण्याजाण्याच्या वाटेवर सुटे दगड टाका आणि मधल्या फटींत माती मोकळी राहू द्या. सगळं अंगण एकदम करायला नको. दोन बाय दोन फुटांचा तुकडा निवडा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. फरशीचा निर्णय तेव्हाही घेता येईल. घातलेली फरशी उखडणं मात्र खर्चाचं काम आहे.