अमेरिकेचं यादवी युद्ध : तडजोड कुठे मोडली?



मागच्या व्याख्यानात आपण ‘व्यक्ती’ आणि ‘वस्तू’ यांतला फरक पाहिला. वस्तूला किंमत असते, तिच्या जागी दुसरी वस्तू ठेवता येते; व्यक्तीला प्रतिष्ठा असते, तिच्या जागी दुसरं काही ठेवता येत नाही, हे कान्टचं म्हणणं आपल्याला आठवत असेल. व्याख्यान संपल्यावर काही श्रोते म्हणाले, सर, हे ठीक आहे, पण माणसाला वस्तू म्हणतं कोण? हा वाद पुस्तकातलाच नाही का?

म्हणून आज आपण एका देशाचं उदाहरण घेणार आहोत. या देशाने हाच प्रश्न पाऊणशे वर्षं पुढे ढकलला आणि अखेर त्यासाठी १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं तो स्वतःशीच लढला. मराठीत आपण त्याला अमेरिकेचं यादवी युद्ध म्हणतो. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, तेव्हा लढायांच्या हकिकती आज कमी येतील. आपला प्रश्न वेगळा आहे. अमेरिकन माणूस तडजोडीत तरबेज. त्याने एकामागून एक तडजोडी केल्या. मग त्या टिकल्या का नाहीत?

घटनेत नसलेला शब्द

१७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना तयार झाली. ती वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. तीत ‘गुलाम’ हा शब्दच नाही. लाखो गुलाम असलेल्या देशाच्या घटनेत तो शब्द नाही! ‘इतर व्यक्ती’, ‘सेवेला बांधलेली व्यक्ती’ असं आडवळणाने म्हटलं आहे. म्हणजे लिहिणाऱ्यांना संकोच होता. पण शब्द टाळला तरी व्यवस्था राहिलीच, आणि तीन ठिकाणी राहिली.

पहिलं, लोकसंख्येवरून प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. दुसरं, बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत काँग्रेसने बंदी घालायची नाही. तिसरं, एका राज्यातून पळून दुसऱ्या राज्यात गेलेला गुलाम मालकाला परत द्यायचा.

यातल्या पहिल्या कलमाबद्दल एक गैरसमज आहे. आम्ही वर्गात विचारायचो, गुलामाला तीन पंचमांश धरलं हा अन्याय, मग पूर्ण एक धरलं असतं तर न्याय झाला असता का? मुलं लगेच ‘हो’ म्हणायची. आता नीट विचार करा. गुलामाला मत नव्हतं. त्याच्या नावावर वाढणाऱ्या जागा मालकांच्या राज्याला मिळणार होत्या. पूर्ण धरण्याचा आग्रह मळेवाल्या दक्षिणेचाच होता! गुलामाच्या दृष्टीने शून्य धरणं अधिक बरं होतं. म्हणजे मोजताना तो माणूस आणि विकताना माल. दोन्हीकडचा फायदा मालकाचा.

ही तडजोड करणाऱ्यांपैकी अनेकांना वाटत होतं की ही प्रथा काळाच्या ओघात आपोआप मिटेल. तसं झालं नाही. १७९३ साली एली व्हिटनीने कापसाची सरकी काढण्याचं यंत्र बनवलं. आखूड धाग्याच्या कापसात सरकी घट्ट चिकटलेली असते, ती हाताने सोडवायला फार वेळ लागतो. यंत्राने ते काम झटपट होऊ लागलं. मग कापूस जितका पेराल तितका थोडाच, आणि तो वेचायला हात हवेत. १७९० मध्ये गुलाम सुमारे ७ लाख होते. १८६० च्या जनगणनेत ते ३९ लाखांवर गेले. तेव्हा देशाची एकूण लोकसंख्या सव्वातीन कोटींच्या आत होती, आणि देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक मूल्य एकट्या कापसाचं होतं.

१८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी झाली, तर देशातल्या देशात व्यापार वाढला. व्हर्जिनिया, मेरीलँडकडची माणसं मिसिसिपी, अलाबामा, लुईझियानाच्या कापूसपट्ट्यात जाऊ लागली. मालकांबरोबर गेलेली आणि बाजारात विकलेली धरून ही संख्या दहा लाखांच्या घरात जाते. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मूल तिसरीकडे. आपण ‘आपोआप मिटेल’ असं एखाद्या अन्यायाबद्दल म्हणतो ना, तेव्हा हा आकडा आठवावा.

नकाशावरची रेघ

देश पश्चिमेकडे पसरत होता. प्रत्येक नव्या राज्याबरोबर प्रश्न येई, इथे गुलामगिरी असणार की नाही?

१८२० मध्ये मिसुरी गुलामीचं राज्य म्हणून आणि मेन मुक्त राज्य म्हणून घेतलं. फ्रान्सकडून विकत घेतलेल्या उरलेल्या प्रदेशात ३६ अंश ३० कला अक्षांशावर रेघ ओढली. तिच्या उत्तरेला, मिसुरी सोडून, गुलामगिरी नाही. बघा, माणूस व्यक्ती आहे की वस्तू हे आता अक्षांशावर ठरणार!

१८५० मध्ये दुसरी तडजोड झाली. कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आलं आणि त्या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांबाबत कडक कायदा मिळाला. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नव्हती, ज्युरी नव्हती. त्याला मालकाच्या हवाली केलं तर आयुक्ताला १० डॉलर शुल्क आणि सोडलं तर ५ डॉलर! समर्थक म्हणत, हवाली करताना कागदपत्रं जास्त करावी लागतात. पण लोकांना काय समजायचं ते समजलं. शिवाय या कायद्याने सामान्य नागरिकालाही पकडायला मदत करणं भाग पाडलं. तोवर बोस्टनच्या माणसाला गुलामगिरी ही लांबची गोष्ट वाटे. आता तो धरपकड आपल्या गल्लीत पाहू लागला.

१८५४ मध्ये स्टीफन डग्लस या सिनेटरने तिसरा तोडगा काढला. रेघ पुसून टाकू, कॅन्सस आणि नेब्रास्कातले रहिवासी मत देऊन ठरवतील. वरवर पाहता किती लोकशाहीचं! त्यावर अब्राहम लिंकन नावाच्या वकिलाने जे उत्तर दिलं ते तर्काच्या तासाला शिकवावं असं आहे. त्याचा आशय असा: माणूस स्वतःवर राज्य करतो ते स्वराज्य, पण स्वतःबरोबर दुसऱ्यावरही राज्य करतो ती हुकूमशाही. म्हणून आधी सांगा, काळा माणूस माणूस आहे की नाही? माणूस असेल, तर त्याच्या गुलामीवर इतरांनी मतदान करणं हे स्वराज्य कसं? कॅन्ससमध्ये प्रत्यक्षात काय झालं, तर दोन्ही बाजूंचे लोक बंदुका घेऊन शिरले आणि रक्तपात झाला.

राहिलं न्यायालय. ड्रेड स्कॉट हा एका लष्करी डॉक्टरचा गुलाम. मालकाबरोबर तो इलिनॉय या मुक्त राज्यात आणि पुढे मुक्त प्रदेशात काही वर्षं राहिला होता. त्या आधारावर त्याने आणि त्याची पत्नी हॅरिएट हिने १८४६ मध्ये सेंट लुईसच्या कोर्टात स्वातंत्र्य मागितलं. अकरा वर्षांनी, १८५७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला. सरन्यायाधीश रॉजर टॅनी म्हणाले, आफ्रिकी वंशाचा माणूस, गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. आणि गुलाम ही मालमत्ता असल्यामुळे प्रदेशांत तिला बंदी करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. म्हणजे १८२० ची रेघ मुळातच घटनाबाह्य ठरली. घटनाकारांनी जो शब्द संकोचाने टाळला होता, त्याचा अर्थ न्यायालयाने सत्तर वर्षांनी उघड सांगितला.

“राज्यांच्या हक्कांसाठी नव्हतं का?”

नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर अध्यक्ष म्हणून निवडून आला. जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, फक्त तिचा विस्तार होऊ देणार नाही, एवढीच त्याची भूमिका होती. तरी २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटून निघालं. त्यामागोमाग आणखी सहा राज्यं गेली. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या, त्यानंतर आणखी चार गेली. एकूण अकरा.

इथे एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे. “युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं असं आम्ही वाचलं आहे. गुलामगिरी हे एकच कारण कसं?” चांगला प्रश्न आहे. उत्तर फुटणाऱ्यांच्याच कागदात शोधावं. साउथ कॅरोलायनाने आपल्या निवेदनात तक्रार काय केली? उत्तरेची राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत, आणि केंद्राचा कायदा निष्फळ करणारे स्वतःचे कायदे करतात. म्हणजे राज्यांनी आपला हक्क वापरला हीच तक्रार! मिसिसिपीच्या निवेदनात तर आपली बाजू गुलामगिरीशी एकरूप आहे असं सरळच लिहिलं आहे. नव्या दक्षिणी सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये जाहीर भाषणात सांगितलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, याच तत्त्वाच्या कोनशिलेवर आमचं सरकार उभं आहे. तेव्हा राज्यांचा हक्क हे साधन होतं. हक्क कशासाठी, हे विचारलं की उत्तर मिळतं.

उत्तरही धुतल्या तांदळासारखी नव्हती, हे सांगायला हवं. सुरुवातीला लिंकन फक्त संघराज्य टिकवण्यासाठी लढत होता. गुलामगिरी असलेली चार राज्यं, डेलावेर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी, संघराज्यातच राहिली होती. त्यांना दुखवायचं नव्हतं.

मग चित्र कुणी बदललं? मे १८६१ ची गोष्ट. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम दक्षिणी सैन्यासाठी तोफखान्याचा मोर्चा बांधण्याच्या कामाला जुंपले होते. एका रात्री ते होडीतून निघाले आणि संघराज्याच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर आले. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने एक दक्षिणी अधिकारी पांढरं निशाण घेऊन हजर! त्याची मागणी, कायद्याप्रमाणे माल परत द्या. जनरल बेंजामिन बटलर मूळचा वकील. तो म्हणाला, व्हर्जिनिया तर आपण परका देश असल्याचं सांगते, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? आणि ही तुमची मालमत्ता असेल, तर ती शत्रूच्या युद्धकामात वापरली जाणारी मालमत्ता आहे. ती मी जप्त करतो.

यातली गंमत बघा. तिघं सुटले, पण माणूस म्हणून नव्हे, जप्त माल म्हणून. बातमी पसरली आणि किल्ल्याकडे माणसांची रीघ लागली. बायका, मुलं, म्हातारे आले. मोर्चे न बांधणारं मूल ‘युद्धसाहित्य’ कसं होणार? तर्क तिथेच कोसळला. पुढच्या वर्षी मे महिन्यात रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशाने चार्ल्सटन बंदरातून दक्षिणेचं ‘प्लँटर’ हे जहाजच पळवलं, त्यात बायकामुलांना घेतलं आणि तोफांच्या पहाऱ्यातून ते उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केलं. पुढे हाच गृहस्थ काँग्रेसवर निवडून गेला.

१ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने लिंकनने बंडखोर भागांतले गुलाम मुक्त घोषित केले. निष्ठावान चार राज्यांना तो लागू नव्हता. पण त्याने काळ्या माणसाला सैन्याची दारं उघडली. सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले. पगार मात्र १८६४ पर्यंत गोऱ्या शिपायापेक्षा कमी होता.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला, पाच दिवसांनी लिंकनवर गोळी झाडली गेली. युद्धात ६ लाखांहून अधिक सैनिक मेले. डिसेंबरमध्ये तेरावी घटनादुरुस्ती झाली आणि गुलामगिरी संपली. ‘गुलामगिरी’ हा शब्द अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदा आला तो या दुरुस्तीत, तिला नाहीशी करताना.

आपल्याकडे

या युद्धाशी आपला संबंध दोन तऱ्हांनी आला. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात शेअरांचा ज्वर चढला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली तसे भाव कोसळले आणि भलेभले देशोधडीला लागले.

दुसरा संबंध जोतीराव फुल्यांचा. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना ते अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी सोबत नोंदवली. मुंबईच्या पेढ्यांना जिथे कापसाचा भाव दिसला, तिथे पुण्यातल्या जोतीरावांना माणूस दिसला.

चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि पंधराव्या दुरुस्तीने मताचा अधिकार दिला, तोही पुरुषांनाच. १८७७ मध्ये उत्तरेने दक्षिणेतून हात काढून घेतला. पुन्हा एक तडजोड झाली, आणि तिचं ओझं काळ्या माणसाने पुढची पाऊणशे-ऐंशी वर्षं वाहिलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तडजोड वाईट असते असं आमचं म्हणणं नाही. जमिनीची वाटणी, जकातीचा दर, पाण्याची पाळी, हे सगळं तडजोडीनेच सुटतं, आणि तसंच सुटावं. तिथे दोन्ही पक्ष काहीतरी सोडतात. अमेरिकेच्या या तडजोडींत मात्र उत्तर आणि दक्षिण यांनी जे सोडलं ते तिसऱ्याच्या वाट्याचं होतं, आणि तो तिसरा बैठकीत नव्हता. त्याला मालमत्ता ठरवलं, पण ही मालमत्ता रात्री उठून चालू लागायची, कोर्टात जायची, होडी काढायची. म्हणून करार मोडत होता. कुठलीही तडजोड चांगली की वाईट हे तपासताना आपण एक साधी गोष्ट पाहावी: जो काहीतरी सोडतोय, तो बैठकीत बसलेला आहे का?

आज इथेच थांबू. चिठ्ठ्या अजून बऱ्याच आहेत, त्या पुढच्या वेळी घेऊ.