डोळे नाहीत, कॅमेऱ्याची स्क्रीन बदलून पाहा

बाबांच्या कपाटात जुनी ५० एमएमची लेन्स सापडली आणि तुम्ही हौसेने ती आपल्या डीएसएलआरवर चढवलीत. हिला ऑटोफोकस नाही, रिंग हाताने फिरवायची. व्ह्यूफाइंडरमध्ये लेकीचा चेहरा छान स्पष्ट दिसला, म्हणून क्लिक केलंत. कॉम्प्युटरवर पाहता तर कानातले डूल लख्ख आणि डोळे धूसर! मग शंका येते, चष्म्याचा नंबर तर वाढला नाही ना?

नंबर तपासायला हरकत नाही, पण त्याआधी व्ह्यूफाइंडरशेजारचं डायऑप्टरचं छोटं चाक फिरवून पाहा. समोरच्या दृश्याकडे न बघता आतल्या फोकस पॉइंटच्या खुणा ठळक दिसेपर्यंत ते फिरवा. अनेकांचा अर्धा त्रास इथेच, फुकटात संपतो.

उरलेला दोष बहुधा फोकसिंग स्क्रीनचा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जातो आणि एका छोट्या, खरखरीत पारदर्शक पट्टीवर चित्र उमटतं. तुम्ही पाहता ते हेच चित्र. ऑटोफोकस आल्यावर कंपन्यांनी ही पट्टी जास्त उजळ केली, म्हणजे साध्या झूम लेन्सनेही अंधारलेलं दिसू नये. मात्र त्या बदल्यात ती तुम्हाला साधारण एफ २.८ इतकीच धूसरता दाखवते. लेन्स एफ १.८ वर उघडी असेल, तर एक मीटरवरच्या चेहऱ्याचा जेमतेम ३-४ सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो. स्क्रीनवर मात्र नाक, डोळे, कान सगळंच नीट दिसतं.

१९८२ साली आलेल्या निकॉन एफएम २ सारख्या जुन्या कॅमेऱ्यांत यावर सोपा उपाय होता. स्क्रीनच्या मधोमध एक गोल, त्याचे दोन भाग. फोकस चुकला की दाराची चौकट किंवा चष्म्याची दांडी त्या गोलात तुटलेली दिसते. रिंग फिरवून दोन्ही तुकडे जुळवले की झालं. अशा स्प्लिट स्क्रीन काही डीएसएलआरसाठीही मिळतात. कॅननच्या ५डी मार्क २ आणि ६डीसाठी तर गोल नसलेली, पण फोकस नेमका दाखवणारी स्क्रीन कंपनीनेच काढली होती. तुमच्या मॉडेलची स्क्रीन बदलता येते का, हे विकत घेण्याआधी मॅन्युअलमध्ये पाहा. सगळ्यांची येत नाही.

तुमच्याकडे फक्त १८-५५ची किट लेन्स असेल, तर माझा सल्ला आहे, पैसे वाचवा. एफ ५.६ वर त्या गोलाचा अर्धा भाग काळा पडतो आणि चिडचिडच वाढते.

बदलताना घाई नको

लेन्स काढा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा. वरच्या बाजूची क्लिप सोडवली की स्क्रीन खाली येते. ती फक्त कडेच्या कानाला चिमट्याने धरायची. बोट लावू नका, कापड तर मुळीच नको. मी एकदा धूळ दिसली म्हणून शर्टाच्या टोकाने पुसली आणि कायमचे ओरखडे पाडून ठेवले. धुळीसाठी ब्लोअर पुरे. एक दिलासा म्हणजे स्क्रीनवरचा ओरखडा फोटोत येत नाही, फक्त बघताना डोळ्यांत खुपतो. हात थरथरत असतील तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. दिल्लीत चांदनी चौकातल्या कुचा चौधरी बाजारात, मुंबईत बोरा बाजारात अशी दुकानं आहेत.

नवी स्क्रीन बसली की टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवा, १५च्या आकड्यावर फोकस करा आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवून पाच-सहा फोटो काढा. दरवेळी १४ किंवा १६च स्पष्ट येत असेल, तर स्क्रीन केसभर वर-खाली बसली आहे. तिच्यावर बसणारी पातळ पट्टी, म्हणजे शिम, बदलून हे सुधारतं. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांचं लाइट मीटर याच स्क्रीनकडे पाहून उजेड मोजतं. त्यामुळे फोटो जास्त उजळ किंवा काळपट आले तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन थोडं हलवा. कॅननच्या त्या दोन मॉडेल्समध्ये मेन्यूत जाऊन नवी स्क्रीन कोणती, तेही निवडावं लागतं.