लाल बावट्याचा उत्कर्ष आणि उतरण

पहाडगंजपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, राणी झाशी मार्गावर, पीपल्स पब्लिशिंग हाऊस आहे. इतिहासाचा विद्यार्थी असताना मॉस्कोत छापलेली स्वस्त पुस्तके मी तेथून घेत असे. त्या काळी युरोपातील कम्युनिस्ट पक्षांचा दबदबा होता. 1976 मध्ये इटलीच्या पक्षाला तेथील मतदारांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांनी मते दिली. 1991 मध्ये त्याच पक्षाने स्वतःचे विसर्जन केले. भारतीय पक्षाच्या उतरणीचा दोषही आपण सहसा सोव्हिएत संघाच्या पतनावर टाकतो. मुंबईचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

1928 मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. त्या लढ्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि श्रीपाद अमृत डांगे यांचे नेतृत्व पुढे आले. मीरत खटल्याने पुढाऱ्यांना तुरुंगात डांबले, तरी चाळींतील मुळे टिकली. 1942 च्या ‘चले जाव’ला केलेल्या विरोधाचा डाग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने बराचसा पुसला, 1957 मध्ये डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले.

घसरण त्यानंतरची, आणि ती सोव्हिएत संघ भक्कम असतानाची. 1964 मध्ये पक्ष दुभंगला. 1970 मध्ये आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली आणि परळची पोटनिवडणूक शिवसेनेने जिंकली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीची पाठराखण केली. 1981 मध्ये डांगे यांनाच पक्षाने काढून टाकले. पुढच्याच वर्षी गिरणगावातील अखेरचा मोठा संप झाला, त्याचे नेतृत्व दत्ता सामंतांकडे होते.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे आणखी एक कारण दिसते. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेकडे जाई, आणि गिरण्यांत तो मान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला. कामगार एकीकडे आणि मान्यता दुसरीकडे, अशी ही स्थिती होती. वाटाघाटींचे दार बंद असले की कामगार रस्त्यावर येतो. 1982 चा उद्रेक ज्या असंतोषातून झाला, त्यात या मान्यतेविरुद्धचा रोषही होता.

ज्या ठिकाणी पक्षाने रोजचे काम सोडले नाही, तेथे तो टिकला. गोदावरी परुळेकर यांनी 1945 मध्ये वारल्यांना संघटित केले. त्याच परिसरातील डहाणूतून 2019 आणि 2024 मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा आमदार निवडून आला.

हा केवळ एका पक्षाचा मृत्युलेख नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तो पाठिंबा प्रामाणिकपणे आणि वेळोवेळी तपासला गेला, तर ही तरतूद उपकारक ठरेल. कागदोपत्री तपासला गेला, तर 1946 ची चूक आपण देशभर पोहोचवू. पहाडगंजच्या हॉटेलांत राबणाऱ्या मुलांपाशी तर मोजण्याजोगी संघटनाही नाही. लाल बावटा उतरल्याचा आनंद मानणाऱ्यांनी त्यांचे म्हणणे आता कोण मांडणार, याचे उत्तर द्यायला हवे.