घरातली शाळा

अमेरिकेतील पन्नासही राज्यांत मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविणे कायदेशीर आहे. तेथे नातवंडे असलेल्या आमच्या वाचकांच्या कानावर ही गोष्ट आली असेलच. 2016 सालच्या सरकारी पाहणीत अशी मुले सुमारे 17 लाख भरली. पालकांनी सर्वांत मोठे कारण सांगितले ते शाळेच्या वातावरणाचे: सुरक्षितता, अमली पदार्थ, वाईट संगत. ही भीती पोकळ नाही. कनेक्टिकटमधील सँडी हुक शाळेत 2012 साली 20 बालके व 6 शिक्षक-कर्मचारी गोळीबारात मारले गेले. टेक्सासमधील युवाल्डीला 2022 साली 19 मुले व 2 शिक्षिका.

अभ्यासाचे काय? 1999 साली लॉरेन्स रडनर यांनी घरी शिकणाऱ्या 20,760 विद्यार्थ्यांचे गुण तपासले. ते देशाच्या सरासरीपेक्षा पुष्कळ वर निघाले. पण ही कुटुंबे स्वखुशीने परीक्षेला आलेली, बहुधा शिकलेली व सुस्थितीतली होती. घर शाळेपेक्षा सरस आहे असे यातून ठरत नाही, हे रडनर यांनीच बजावले होते. जे परीक्षेला बसलेच नाहीत त्यांचे गुण कोण मोजणार? (शाळा सुटल्यावर ट्यूशनला धावणारी आपली मुले कोणत्या खात्यात धरावी, हाही प्रश्नच आहे!)

आम्हां शिक्षकांना काळजी वाटते ती वेगळीच. हजेरी घेताना आम्ही नुसती नावे वाचत नाही. कोण आज गप्प आहे, कोणाच्या हातावर वळ आहे, कोणी पाव आणला नाही, हे नजरेत येते. जानेवारी 2018 मध्ये कॅलिफोर्नियातील पेरिस गावी 13 भावंडे स्वतःच्याच घरात कोंडलेली सापडली; काहींना साखळ्या होत्या. ते घर सरकारदरबारी खाजगी शाळा म्हणून नोंदलेले होते, आणि अशा शाळेची तपासणी करण्याचा अधिकार राज्याच्या शिक्षण खात्याला नव्हता. सतरा वर्षांची मुलगी खिडकीतून निसटली, तिने पोलिसांना फोन केला, तेव्हा सुटका झाली.

बहुतेक आईबाप असे नसतात, हे उघड आहे. तरी कनेक्टिकटच्या बालहक्क कार्यालयाने 2018 साली सहा विभागांत शाळेतून काढून घरी ठेवलेल्या 380 मुलांची माहिती पाहिली, तेव्हा 138 जणांच्या घराविषयी बालसंरक्षण खात्याकडे आधीच तक्रार आलेली होती.

राज्याराज्यांत नियम निराळे. पेन्सिल्व्हेनियात मुलाच्या वर्षभराच्या कामाचे मूल्यमापन जाणकाराकडून करून घ्यावे लागते; टेक्सासमध्ये घरी शिकवतो हे कळवावेही लागत नाही. तिकडची लेक किंवा सून असा बेत सांगू लागली, तर पुस्तके कोणती घेतलीस हे आम्ही मागाहून विचारू. आठवड्यात घराबाहेरचे कोणते मोठे माणूस मुलाशी एकटे बसून बोलते, हे आधी.