हात स्टिअरिंगवर, लक्ष भलतीकडे

सूतगिरणी चौकात सिग्नलला थांबलेल्या गाडीत हल्ली चालक एकटाच बोलताना दिसतो. "घरी फोन लाव", "सिडको बसस्टँडचा रस्ता दाखव." फोन हातात नाही, नजर समोर आहे, मग धोका कसला, असं त्याला मनापासून वाटतं.

धोका लक्षाचा आहे. बोलण्यात मेंदू गुंतला की डोळे समोर असूनही समोरचं निसटतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेअर यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. वाहतूक सुरक्षेवर काम करणाऱ्या एएए फाउंडेशनसाठी त्यांच्या चमूने केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. गाडीतल्या किंवा फोनमधल्या आवाजी यंत्रणेला आज्ञा देऊन झाल्यावरही चालकाचं लक्ष पूर्णपणे रस्त्यावर परतायला काही यंत्रणांच्या बाबतीत 27 सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. ताशी 40 किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी 300 मीटर जाते. गारखेड्यात गजानन महाराज मंदिराच्या रस्त्यावर गुरुवारी संध्याकाळी 300 मीटर म्हणजे दर्शनाला रस्ता ओलांडणारी म्हातारी माणसं, उलट्या बाजूने घुसणाऱ्या दुचाक्या आणि क्लास सुटलेली सायकलवरची पोरं.

म्हणूनच "मी सिग्नललाच बोलतो" या सवयीतही अर्थ नाही. दिवा हिरवा होतो, गाडी निघते, लक्ष मागेच राहिलेलं असतं.

"शेजारच्याशी गप्पा मारतोच की!" हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. पण शेजारी बसलेल्याला रस्ता दिसतो. समोर रिक्षा आडवी आली की बायको बोलता बोलता थांबते, "अहो, सांभाळून" म्हणते. यंत्राला ती रिक्षा दिसत नाही. शिवाय त्याने नाव चुकीचं ऐकलं की चालक तेच पुन्हा, अधिक चिडून सांगतो, आणि ताण वाढतो.

पोलीस पकडत नाहीत, म्हणजे सुरक्षित, हाही असाच समज. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीत नाव घेऊन उल्लेख आहे तो हातातल्या उपकरणाचा. ऑक्टोबर 2020 पासून नियमाने असं उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरायला मुभा दिली, तीही चालकाची एकाग्रता ढळणार नाही या अटीवर. म्हणजे नियमालाही काळजी आहे ती लक्षाचीच.

आवाजी यंत्रणा काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. फोन हातात धरून अक्षरं टिपण्यापेक्षा ती नक्कीच बरी. पण जायचं ठिकाण गाडी सुरू करण्याआधी घराखालीच सांगून टाकावं. मेसेजला उत्तर द्यायचंच असेल, तर क्रीडा संकुलाजवळ गाडी कडेला लावून द्यावं.