पडद्यावरच्या पांढऱ्या चेंडूची फिरकी

मोबाईलवरचा बिलियर्ड्स किंवा पूलचा खेळ कितपत खरा आहे, याची परीक्षा पांढऱ्या चेंडूच्या, म्हणजे क्यू बॉलच्या फिरकीत होते. ज्या खेळाडूचा कॅरमवर हात बसलेला आहे, त्याला नेम आणि कट, म्हणजे तिरकी धडक, ओळखीचे वाटतात. फिरकी मात्र नवी असते. कॅरमचा स्ट्रायकर चपटा असल्याने तो फक्त घसरतो. चेंडू आधी घसरतो, मग घरंगळतो, आणि खेळातली सारी गंमत या दोन अवस्थांच्या मधल्या अंतरात आहे.

या गतीचे गणित जुने आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्पार कोरिओलिस याने १८३५ साली बिलियर्ड्सच्या चेंडूंवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. क्यूने, म्हणजे काठीने, चेंडूच्या बरोबर मध्यावर मारले, तर तो आधी न फिरता घसरतो. कापडाच्या घर्षणाने त्याचा वेग कमी होतो आणि फिरणे वाढत जाते. वेग मूळच्या ५/७ उरला की घसरणे संपते आणि चेंडू नुसता घरंगळू लागतो. घर्षणांक ०.२ धरला, तर सेकंदाला ३ मीटर वेगाने निघालेला चेंडू सुमारे १.१ मीटर घसरतो. १ मीटर वेगाचा चेंडू जेमतेम १२ सेंटिमीटर. मध्यापासून त्रिज्येच्या २/५ इतके वर मारले, तर तो पहिल्या क्षणापासूनच घरंगळतो. मध्याखाली मारले की उलटी फिरकी मिळते, तिला खेळाडू ‘स्क्रू’ म्हणतात. ही फिरकीही कापडावर झिजत जाते.

खेळाचा खरेपणा इथेच तपासता येतो. पूर्ण स्क्रू देऊन हळू फटका मारावा. एकदा लक्ष्य चेंडू जवळ ठेवून, एकदा लांब ठेवून. खऱ्या टेबलावर जवळच्या फटक्यात पांढरा चेंडू मागे येतो. लांबच्या फटक्यात फिरकी वाटेतच संपते आणि चेंडू जागीच थांबतो किंवा थोडा पुढे जातो. दोन्ही वेळा तो सारखाच मागे आला, तर तो खेळ फिरकीला चेंडूत साठवलेला ठरावीक आकडा मानतो.

दुसरी कसोटी कटची. धडकेच्या क्षणी पांढरा चेंडू फिरत नसेल, तर धडकेनंतर दोन्ही चेंडूंच्या वाटांमध्ये जवळपास ९० अंशांचा कोन होतो. तो घरंगळत आला असेल, तर आधी त्याच वाटेने निघून मग पुढच्या बाजूला वळतो; अर्ध्या चेंडूच्या कटमध्ये, म्हणजे लक्ष्य चेंडूच्या कडेवर नेम धरला असता, त्याची अखेरची दिशा मूळ रेषेपासून सुमारे ३४ अंशांवर असते. हे वळण पडद्यावर दिसलेच पाहिजे.

बाजूची फिरकी, म्हणजे ‘साइड’, अधिक अवघड. क्यू आडवा असेल, तर साइडमुळे चेंडू कापडावर वळत नाही; तिचा परिणाम टेबलाच्या कडेच्या कुशनवर आपटल्यावर दिसतो. क्यूच्या टोकाच्या धक्क्याने चेंडू साइडच्या उलट दिशेला किंचित सरकतो, आणि धडकेतल्या घर्षणाने लक्ष्य चेंडूही थोडा ओढला जातो. क्यूचे मागचे टोक उचलून मारले, तरच वाट ठळकपणे वाकते. वरून दिसणाऱ्या सपाट टेबलाच्या खेळांत क्यू उचलण्याची सोय सहसा नसते, आणि नेमाची सरळ रेषा हे बारीक फरक बाजूला ठेवते.

‘एट बॉल पूल’सारख्या खेळात महागड्या क्यूला जास्त फिरकी मिळते. खऱ्या टेबलावर फिरकीची मर्यादा टोकाची पकड, चॉक आणि फटक्याची जागा ठरवतात. मध्यापासून त्रिज्येच्या साधारण अर्ध्यापलीकडे मारले, की कितीही भारी क्यू असला तरी टोक निसटते.

संगणकाची स्वतःचीही एक अडचण आहे. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात ६ मीटर वेगाचा चेंडू दोन चित्रांदरम्यान १० सेंटिमीटर सरकतो, तर पूलच्या चेंडूचा व्यास ५.७ सेंटिमीटर असतो. दर चित्रागणिकच धडक तपासली, तर एक चेंडू दुसऱ्यातून आरपार जाऊ शकतो. म्हणून उत्तम प्रणाली पुढची धडक नेमकी केव्हा होईल, घसरणे केव्हा संपेल, हे समीकरणांतून आधीच काढतात.

खऱ्या टेबलावर हीच फिरकी साधून पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ आणि १९६४ साली जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळवले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७८ साली ११४९ गुणांचा ब्रेक, म्हणजे एकाच खेपेत सलग मिळवलेले गुण, रचला. असे ब्रेक पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी नेमक्या जागी थांबवण्यातून उभे राहतात. मोबाईलवर नेम, कोन आणि पुढच्या फटक्याचा विचार चांगला शिकता येतो. स्क्रू किती लांबवर टिकतो आणि साइडसाठी नेम किती हलवायचा, हे मात्र खऱ्या कापडावरच शिकावे लागते.